वजन उतरवताना या चुका टाळा: चालणं, खाणं आणि तेलाचा डबा

वजन कमी करायचं ठरलं की लोक आधी बूट घेतात, स्वयंपाकघराला मात्र हात लावत नाहीत. ७० किलोचा माणूस सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर चालला, तर बसून राहण्यापेक्षा जेमतेम १७५ कॅलरी जास्त जळतात. मनगटावरचं घड्याळ २५० दाखवतं, कारण तो तास नुसतं बसून जळल्या असत्या त्या कॅलरीही ते धरतं. मग सगळा गट टपरीवर थांबतो. एक वडापाव, एक कटिंग. एकटा वडापावच ३०० च्या आसपास जातो. चार महिने काटा हलत नाही, मग ‘थायरॉइडच असणार’ म्हणून तपासणी होते. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि चालणं बंद पडतं. वाईट याचंच वाटतं. हृदय, साखर, झोप यांसाठी ते चालणं लाखमोलाचं होतं.

दुसरी चूक तेलाची. १५ मिलीचा एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि फोडणी पडते ती अंदाजाने. नवा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख लिहा. चौघांच्या घरात ५ लिटर तेल महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ४० मिलीच्या वर तेल पोटात जातं. ते ३ लिटरवर आणा. माणशी रोज साधारण १३५ कॅलरी वाचतात, म्हणजे जवळपास ४ किलोमीटरची पायपीट. डब्यातून थेट कढईत कधीच ओतू नका.

आता उलटी चूक: व्यायाम शून्य, नुसती उपासमार. पहिल्या आठवड्यात उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं, कारण शरीरातल्या साठवणीच्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी निघून जातं. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ‘महिन्यात दहा किलो’वाल्यांच्या नादी लागूच नका. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला टेकून पुशअप्स, आणि दोन्ही जेवणांत दाट वरण, उसळ, अंडी किंवा मासे हवेतच. पातळ आमटीने भागत नाही. उतरलेलं वजन टिकवताना तर व्यायाम सोडून चालतच नाही.

पोटाच्या व्यायामाने फक्त पोटाची चरबी उतरत नाही. घामाने जातं ते पाणी. उपवासाची साबुदाणा खिचडी हलकी नसते. खारट जेवणानंतर काटा किलोभर वर गेला तरी घाबरू नका, आठवड्याची सरासरी पाहा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते.