परसात अंडी उबवताना जास्तीच्या नरांचे काय? या चुका टाळा

खुडूक कोंबडीखाली 12 अंडी ठेवली की मनात 12 तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, दिसू लागतात, आणि पहिली चूक तेथेच होते. 21 दिवसांनी बाहेर पडणाऱ्या पिलांत साधारण निम्मे नर असतात. टोकदार अंड्यातून नर निघतो हा समज निराधार आहे; लिंग अंडे घातले जाण्यापूर्वीच ठरलेले असल्याने अंडी निवडून किंवा अंडी उबवण्याच्या यंत्राचे तापमान बदलून नर कमी होत नाहीत. केवळ खाण्याची अंडी हवी असतील तर तलंगाच विकत आणाव्यात, कारण अंडी देण्यासाठी कोंबडीला नराची गरज नसते.

दुसरी चूक म्हणजे ओळख पटवण्यात दिरंगाई. सहाव्या ते आठव्या आठवड्यात ज्यांचा तुरा लवकर मोठा व लाल होतो, ते बहुधा नर; बाराव्या आठवड्याच्या सुमारास मानेवर आणि कमरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसे आली की शंका उरत नाही. पुण्यातील धायरीत आमच्या परसात ‘चंपा’ असे नाव मिळालेल्या पिलाने एके दिवशी पहाटे साडेचारला पाण्याच्या टाकीवर चढून बांग दिली, तेव्हा शेजाऱ्यांना आमच्याआधी उलगडा झाला.

हिशेब मात्र पंचांगाचा करावा, आणि तो फारसा कोणी करत नाही. गावठी नर विक्रीयोग्य व्हायला 4 ते 5 महिने लागतात. फेब्रुवारीच्या मध्यावर निघालेले नर आषाढात तयार होतात, त्या वेळी घेणारे घरी येतात. एप्रिलमध्ये निघालेले श्रावण आणि गणपतीच्या तोंडावर मोठे होतात, आणि मग कोणी विचारत नाही.

अशा वेळी नर रात्री टेकडीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याशी सोडणे ही क्रूरता आहे. भटकी कुत्री त्यांना सकाळपर्यंतही ठेवत नाहीत. झुंजीसाठी मागणाऱ्याला देऊ नये, कारण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार झुंजी लावणे गुन्हा आहे. 8 ते 10 कोंबड्यांमागे एक नर ठेवावा. त्याहून जास्त झाले की माद्यांच्या पाठीची पिसे झडतात. उरलेले नर कोंबड्या नजरेस पडणार नाहीत अशा वेगळ्या खुराड्यात ठेवल्यास ते तुलनेने शांत राहतात. खाण्यासाठी देणार असाल, तर औषध चालू असताना देऊ नये. किती दिवस थांबायचे हे पशुवैद्यकांना विचारून घ्यावे.