तहसीलच्या टेबलावर पहिली दोन वर्षं

दरवर्षी निकाल लागला की आमच्या भागातली चार-दोन पोरं फोन करतात. "दादा, महसूल सहायक म्हणून निवड झाली. कोणता तालुका मागू?" तालुक्याचं मी काही सांगत नाही. त्रास सगळीकडे सारखाच आहे, आणि तो कुठून येतो हे आधीच माहीत असलं तर निम्मा हलका होतो. मी गोदाकाठच्या एका तालुक्यात रुजू झालो तेव्हा या पदाला लिपिक म्हणायचे. संभाजीनगरच्या अभ्यासिकेत तीन वर्षं काढली होती. मराठी टायपिंग ३०, इंग्रजी ४०, दोन्ही झालेलं. त्यातलं काहीही पहिल्या महिन्यात कामी आलं नाही.

आधी पैशाचं बोलतो, कारण ते कोणी सांगत नाही. पगार रुजू झाल्या दिवसापासूनच धरतात, पण हातात यायला वेळ लागतो. वैद्यकीय प्रमाणपत्र, सेवापुस्तक, सेवार्थ (पगारबिलाची सरकारी संगणक प्रणाली) क्रमांक, पेन्शन खात्याचा प्रान क्रमांक एवढं झाल्याशिवाय बिलात नाव चढत नाही. मला पहिला पगार चौथ्या महिन्यात मिळाला. घरून निघतानाच तेवढ्या दिवसांच्या खोलीभाड्याची आणि खानावळीची सोय करून निघा. वडील कापूस विकून पाठवतील असं धरू नका. ते तुमच्या पगाराकडे डोळे लावून बसलेले असतात.

तहसीलमध्ये टेबलाला संकलन म्हणतात. जमाबंदी, आस्थापना, संजय गांधी निराधार, गौण खनिज, रोजगार हमी, पुरवठा, नैसर्गिक आपत्ती, निवडणूक अशी ही संकलनं. जागा रिकाम्या असतात म्हणून एकाकडे दोन येतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली. तरी वरिष्ठांची व्हीसी (व्हिडिओवरची बैठक) लागली की माहिती भरायचं प्रपत्र रात्री दहाला ग्रुपवर पडतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'आजच्या आज'. माहिती नसेल तर निरंक, म्हणजे 'काही नाही' असा अहवाल द्या, पण द्या. याची सवय होते. या कामाने माणूस थकतो, खचत नाही.

माणूस खचतो तो वेगळ्या कारणाने. जे आपल्या हातात नाही त्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो इथल्या माणसाला वेगळा सांगायला नको. सोयाबीन तर गेलंच, नदीकाठची मातीसुद्धा खरवडून गेली. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी धरतात, आणि पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के असेल तर मदत बसते. तलाठी पंचनामा करतो, यादी तहसीलला येते, पोर्टलवर चढते, विशिष्ट क्रमांक पडतो. ई-केवायसी लागत असेल तर शेतकरी सेवा केंद्रावर जाऊन अंगठा देतो आणि मग पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. यातली एकच पायरी माझ्या टेबलावर होती. पण शेतकऱ्याला समोर दिसतो तो मीच.

दिवाळीनंतर एक साठीच्या आसपासचे काका आले. हातात कॅरीबॅग, त्यात सातबारा, आधार आणि एक पासबुक. पासबुक पुरात भिजून वाळलेलं, पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. यादीत नाव होतं, अंगठा दिलेला होता, पैसे मात्र खात्यात नव्हते. मी म्हणालो, बँकेत विचारा. बँकेने सांगितलं, तहसीलला विचारा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आले तेव्हा ओरडले नाहीत. दाराशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "साहेब, पैसे राहू द्या. कुठं अडकलं एवढं तरी सांगा."

त्या दिवशी मी हातातलं प्रपत्र बाजूला ठेवलं. त्यांचा आधार क्रमांक टाकून बँक जोडणीची स्थिती पाहायला बसलो. ओटीपी गेला मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. त्याला फोन लावला, आकडे घेतले. आधार जोडलेलं निघालं ते दुसऱ्याच खात्याला. कधीतरी गावात एका योजनेसाठी पोस्टाचं खातं काढून दिलं होतं, ते काका विसरूनही गेले होते. पैसे तिथेच पडले होते. आठ मिनिटांचं काम. त्यासाठी त्यांनी चार चकरा मारल्या, दर चकरेला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी घालवली. ते मला अजून टोचतं.

तेव्हापासून मी एक करतो, आणि तुम्हीही करा असं कळकळीने सांगतो. टेबलाशी आलेल्या माणसाला कागद कुठे अडला, कोणाकडे आहे आणि परत कधी यायचं, या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्या. काम होणार नसेल तर तेही लिहा. माणूस नकार पचवतो. 'नंतर या' हे ऐकून मात्र त्याचा भरवसा उडतो.

प्रशिक्षणात कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठे पद्धत शिकवतात, आणि पोरं ती परीक्षेपुरती पाठ करतात. त्यातला प्रतीक्षाधीन गठ्ठा जपा. दुसऱ्या कार्यालयाकडून उत्तर यायचं आहे अशी प्रकरणं त्यात असतात, आणि प्रकरणं मरतात ती तिथेच. दर शुक्रवारी त्या गठ्ठ्याचा रुमाल (बांधायचं फडकं) सोडा आणि एकेका प्रकरणावर स्मरणपत्र काढा. बदल्या आणि विलंबाबाबतचा २००५ चा कायदा सांगतो की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्याला हे कलम पाठ असतं. तुम्हालाही असू द्या.

तोंडी आदेशाचं आता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, अमुक यादी सही न होताच पुढे पाठव, सही मागून घेऊ. पाठवली. सात महिन्यांनी यादीत दुबार नावं निघाली आणि कारणे दाखवा नोटीस माझ्या नावाने आली. फोन कोणाला आठवेना. त्या रात्री मी जेवलो नाही, राजीनामा लिहायला बसलो होतो. एका जुन्या अव्वल कारकुनांनी (लिपिकाच्या वरचं पद) खुलासा लिहून घेतला आणि पुढचं शिकवलं. फोनवर सूचना आली की काम थांबवायचं नाही, पण टिपणी टाकायची: 'दूरध्वनीवरील सूचनेनुसार यादी सादर, अवलोकनार्थ व स्वाक्षरीसाठी'. तारीख, वेळ घालायची आणि त्याच दिवशी फाइल वर पाठवायची. यात उद्धटपणा काही नाही. चांगला अधिकारी त्यावर सही करतो. जो करत नाही त्याच्याबद्दल तुम्हाला जे समजायचं ते समजतं.

जमिनीचं संकलन मिळालं तर आणखी एक अडचण येते, ती खास आपल्याकडची. पुस्तकातून आपण शिकतो १९४८ चा मुंबईचा कुळकायदा. इथे, जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्यात, लागतो हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. कलमांचे क्रमांक वेगळे, ३८-ई (संरक्षित कुळाला मालक करणारं कलम) म्हटलं की जुने लोक लगेच समजतात. मदतमाश (उपजीविकेसाठी दिलेल्या), खिदमतमाश (देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या) इनाम जमिनी, १९५४ चा इनामे रद्द करण्याचा कायदा, खासरा पत्रक, पहाणीपत्रक हे जमीन-पिकाच्या नोंदींचे जुने तक्ते, हे सगळं समोर येतं, आणि त्यामागचं निजामाच्या काळातलं दप्तर उर्दूत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघालो तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस शोधता शोधता नाकी नऊ आले. रेकॉर्ड रूममध्ये निवृत्तीला आलेलं कोणी असेल तर पहिल्या वर्षातच त्यांच्याजवळ बसा. ते गेले की विचारायला कोणी उरत नाही.

पैसे घेतो असा संशय लोक तुम्ही चहा घेतला तरी घेतील. बाहेर बसणारा दलाल तुमचं नाव सांगून परस्पर पैसे उकळतो हेही घडतं. मी टेबलामागे भिंतीवर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक मोठ्या अक्षरात चिकटवला. काही सहकारी दोन महिने बोलले नाहीत. दलाल मात्र माझं नाव घ्यायचा थांबला.

विभागीय परीक्षा लांबणीवर टाकू नका. ठरलेल्या संधींत पास झाला नाहीत तर ज्येष्ठता जाते, आणि मागून आलेला तुमच्या आधी वरच्या पदावर जातो.

शेवटचं, पण रुजू झाल्यावर सगळ्यांत आधी करायचं. संकलनाचा पदभार घेताना आधीचा माणूस घाईत असतो, "सगळं कपाटात आहे" म्हणून चावी देतो. चावी घेऊ नका. त्याला बसवा, कपाट उघडा, प्रलंबित प्रकरणं एकेक मोजून यादी करा. प्रत्येक प्रकरणाची शेवटची तारीख लिहा, गहाळ असेल ते गहाळ म्हणून लिहा. दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत नायब तहसीलदारांकडे द्या, एक घरी ठेवा. दोन दिवस जातात. माझ्या वेळी त्या मोजणीत अकरा फाइली गहाळ निघाल्या होत्या, आणि तीन वर्षांनी त्यातल्या एकीची चौकशी लागली.