शनिवारच्या टिप्स: फुटबॉल आणि घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावताना या चुका टाळा

ब्रिटनमध्ये शनिवार हा पैजांचा वार मानला जातो. दुपारी तीनच्या ठोक्याला देशभरात फुटबॉलचे अनेक सामने एकाच वेळी सुरू होतात, त्यांच्या आगेमागे कुठल्या ना कुठल्या मैदानावर घोडे सुटतच असतात, आणि शुक्रवार संध्याकाळपासून वर्तमानपत्रांत, ॲपवर व मित्रांच्या गटांत टिप्सचा पाऊस पडू लागतो. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळीही कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या सामाईक पैजेत पाच-दहा पौंड घालून या खेळात सहज शिरतात. टिप चुकली आणि पैसे गेले, तर त्यात कोडे काहीच नसते. टिप बरोबर ठरूनही पैसे कमी आले किंवा अजिबात आलेच नाहीत, असे घडते तेव्हा मात्र माणूस बुकीला शिव्या घालत बसतो. वास्तविक त्यामागचे कारण बहुतेक वेळा पैजेच्या भावात किंवा नियमांत आधीच लिहिलेले असते.

भाव न पाहता फक्त विजेता शोधणे

"आज कोण जिंकणार?" हा प्रश्न अपुरा आहे. जिंकण्याची शक्यता किती आणि त्या शक्यतेच्या मानाने मिळणारा भाव पुरेसा आहे का, असे विचारायला हवे. ५/२ भावाचा अर्थ असा की दोन पौंड लावले तर पाच पौंड नफा मिळेल. म्हणजेच घोडा सातपैकी किमान दोन वेळा, अर्थात २८.६ टक्के वेळा, जिंकला तरच ही पैज दीर्घकाळात बरोबरीत सुटेल. घोडा उत्तम आहे, जॉकी नावाजलेला आहे, पण जिंकण्याची शक्यता २५ टक्केच असेल, तर ५/२ भावाने तो घेणे हा तोट्याचा सौदा आहे, मग तो त्या दिवशी जिंको वा हरो.

बुकी आपला हिस्सा भावातच घालून ठेवतो. समजा, एका फुटबॉल सामन्यात यजमान संघाला २.१०, बरोबरीला ३.४० आणि पाहुण्या संघाला ३.६० असा दशांश भाव आहे, म्हणजे एक पौंड लावून जिंकल्यास मूळ रकमेसह इतके पौंड हाती येतात. एकाला या प्रत्येक आकड्याने भागून आलेल्या शक्यतांची बेरीज केली, तर ती १०० न होता जवळजवळ १०४.८ टक्के होते. हे वरचे ४.८ टक्के म्हणजे बुकीची कमाई. आंधळेपणाने पैजा लावणाऱ्याला अशा बाजारात दर १०० पौंडांमागे सरासरी ९५.४ पौंड परत मिळतील. टिप देणारा कितीही हुशार असला, तरी त्याला आधी ही तूट भरून काढावी लागते आणि त्यानंतरच नफ्याची भाषा सुरू होते.

येथेच टिप्सची सर्वांत मोठी मेख आहे. टिप देणाऱ्याने सकाळी सात वाजता घोडा ८/१ भावाने सुचवला आणि वाचकाने अकरा वाजता ॲप उघडले, तोवर इतरांनी पैसे लावल्यामुळे भाव ११/२ वर उतरला, असे वारंवार होते. आता एक एक पौंडाच्या अशा १०० पैजा आहेत आणि त्यांतले १३ घोडे जिंकले, असे धरू. ८/१ भावाने हाती ११७ पौंड येतात, म्हणजे १७ पौंड नफा. ११/२ भावाने तेच १३ घोडे ८४.५ पौंड देतात, म्हणजे साडेपंधरा पौंड तोटा. टिप्स त्याच, विजेते तेच, आणि टिप देणाऱ्याच्या वहीत नफा असताना त्याच्या अनुयायाच्या खात्यात तोटा. यात कोणी खोटे बोललेले नसते. म्हणून टिपसोबत "किमान इतका भाव मिळाला तरच" अशी अट दिलेली नसेल, तर ती टिप अर्धवट समजावी, आणि अट असूनही भाव त्याखाली गेलेला असेल, तर पैज सोडून द्यावी. हा एक नियम पाळणे बहुतेकांना जमत नाही, कारण सोडलेला घोडा जिंकला की फार वाईट वाटते.

पाच-सहा सामन्यांची माळ

फुटबॉलच्या टिप्समध्ये सर्वाधिक खपणारा प्रकार म्हणजे ॲक्युम्युलेटर, ज्यात अनेक सामन्यांचे निकाल एकाच पैजेत गुंफलेले असतात आणि एक निकाल चुकला तरी सारी पैज बुडते. पाच संघ निवडले आणि प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता ६० टक्के असली, तर पाचही जिंकण्याची शक्यता ७.८ टक्के, म्हणजे साधारण तेरा शनिवारांत एकदा. इतके पुष्कळांना कळते. लक्षात येत नाही ते असे की दर सामन्यागणिक बुकीचा हिस्साही गुणला जातो. योग्य भाव असता तर दहा पौंडांचे सुमारे १२८ पौंड व्हायला हवे होते. वर सांगितलेल्या हिशेबाने प्रत्येक भाव थोडा कापलेला असल्याने प्रत्यक्षात १०२ पौंडांच्या आसपास मिळतात. एकेरी पैजेत जी तूट शंभरामागे पाच पौंडांहून कमी होती, ती पाच सामन्यांच्या माळेत २१ पौंडांवर जाते. "एकाच सामन्यामुळे गेले" या हळहळीत हा मोठा तोटा झाकला जातो.

माळच लावायची हौस असेल, तर ती दोन-तीन सामन्यांपुरती ठेवावी आणि केवळ भाव फुगवण्यासाठी "हा तर जिंकणारच" असा १.२० भावाचा संघ शेवटी जोडू नये. फुटबॉलमध्ये साधारण चारांतला एक सामना बरोबरीत सुटतो आणि बलाढ्य संघांचे गुण अशाच सामन्यांत गळतात. एकाच सामन्यातल्या अनेक गोष्टी, म्हणजे विजेता, गोलांची संख्या आणि पिवळी कार्डे, एकत्र बांधणाऱ्या पैजांत तर योग्य भाव काढणे सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचे असते. माझ्या मते त्यांपासून दूर राहणेच बरे.

संघ जिंकला, पैज हरली

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना आठवावा. अर्जेंटिना विश्वविजेता झाला, तरीही "सामन्याचा निकाल: अर्जेंटिना" अशी पैज लावलेल्यांचे पैसे बुडाले. कारण ९० मिनिटे आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई संपली तेव्हा गुणफलक २–२ होता. ३–३ हा आकडा अतिरिक्त वेळेतला आणि ४–२ हा पेनल्टींचा. सामन्याच्या निकालावरची नेहमीची पैज ९० मिनिटांवरच मिटवली जाते, त्यामुळे त्या दिवशी पैसे बरोबरीवाल्यांना मिळाले. "चषक कोण उचलेल" किंवा "पुढच्या फेरीत कोण जाईल" ही वेगळी पैज असते आणि तिचा भाव अर्थातच कमी असतो. बाद फेरीतल्या कुठल्याही सामन्याची टिप वाचताना ती यांपैकी कोणत्या पैजेची आहे, हे आधी पाहावे.

गोल करणाऱ्या खेळाडूवरच्या पैजेतही अशीच गफलत होते. प्रतिस्पर्ध्याच्या पायाला लागून चेंडू आत गेला आणि तो स्वयंगोल म्हणून नोंदला गेला, तर तो आपल्या खेळाडूच्या खात्यावर धरला जात नाही. अंतिम अकरा कोण, हे सामन्याच्या तास-सव्वा तास आधी जाहीर होते, पण टिप मात्र आदल्या रात्री लिहिलेली असते. गुरुवारी युरोपात खेळून आलेला संघ रविवारी मुख्य खेळाडूंना विश्रांती देणार का, याचा अंदाज लेखकाला असेलही. खात्री कोणालाच नसते. यादी लागेपर्यंत थांबले तर थोडा भाव जातो, पण मुख्य आघाडीवीर बाकावर बसलेला असताना पैसे अडकत नाहीत.

घोड्यांच्या बाबतीत अधिक सावध का राहावे

शर्यतींच्या पैजांत नियमांची गुंतागुंत फुटबॉलहून कितीतरी अधिक आहे आणि तक्रारीही येथेच जास्त उद्भवतात.

"ईच वे" पैज ही प्रत्यक्षात दोन पैजांची जोडी असते: एक विजयाची, दुसरी पहिल्या काही क्रमांकांत येण्याची. त्यामुळे "पाच पौंड ईच वे" म्हटले की खात्यातून दहा पौंड जातात. किती क्रमांकांना पैसे मिळतील, हे धावणाऱ्या घोड्यांच्या संख्येवर ठरते. नेहमीच्या अटींनुसार पाच ते सात घोडे असतील तर पहिल्या दोघांना भावाचा चौथा हिस्सा. आठ किंवा अधिक असतील तर पहिल्या तिघांना साधारणपणे पाचवा हिस्सा. सोळा किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत (जिच्यात चांगल्या घोड्यांवर जास्त वजन दिले जाते) पहिल्या चौघांना चौथा हिस्सा. आता आठ घोड्यांच्या शर्यतीत ४/१ भावाचा घोडा पाच पौंड ईच वे घेतला आणि तो दुसरा आला, असे समजा. विजयाचे पाच पौंड गेले. क्रमांकाच्या पैजेवर ४/५ भावाने चार पौंड नफा आणि मूळचे पाच पौंड मिळाले. एकूण दहा लावून नऊ हाती आले. घोडा इतका चांगला धावूनही एक पौंड खिशातून गेला. तोच घोडा १०/१ भावाचा असता, तर पंधरा पौंड मिळाले असते. कमी भावाच्या घोड्यावर ईच वे लावणे हे बहुधा स्वतःची समजूत घालण्यापुरतेच असते.

आठ घोड्यांची शर्यत पाहून, तिसऱ्या क्रमांकाच्या भरवशावर ईच वे लावणाऱ्यांची फसगत आणखी एका कारणाने होते. सकाळी एक घोडा लंगडला आणि मागे घेतला गेला की उरतात सात, आणि तिसऱ्या क्रमांकाचे पैसे रद्द होतात. पैज लावल्यानंतरची ही घट पैज लावणाऱ्यालाच सोसावी लागते.

घोडा मागे घेतला गेल्याचा दुसरा परिणाम म्हणजे नियम चारची कपात. आपण भाव पक्का करून पैज लावली आणि त्यानंतर एखादा प्रतिस्पर्धी शर्यतीतून निघाला, तर आपल्या घोड्याचे काम सोपे होते. म्हणून नफ्यातून ठरावीक रक्कम कापली जाते. निघालेल्या घोड्याचा भाव २/१ असेल तर पौंडामागे ३० पेन्स, १०/१ असेल तर ५ पेन्स, आणि १४/१ हून मोठा असेल तर काहीच नाही. ६/१ भावाने लावलेल्या दहा पौंडांवर ६० ऐवजी ४२ पौंड नफा दिसला, तर ॲपमध्ये बिघाड झाला असे समजण्यापूर्वी शर्यतीतून कोणता घोडा निघाला, हे तपासावे. कपात फक्त नफ्यावर होते, मूळ रकमेवर नाही. मूळ रक्कमही कापलेली दिसली, तर तक्रार करण्यास जागा आहे.

टिप शिळी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र पाऊस. ओल्या, जड मैदानावर रेंगाळणारा घोडा कोरड्या जमिनीवर वेगळाच धावतो आणि रात्रभरच्या सरींनी सकाळचे मैदान बदलून जाते. पुण्याच्या पावसाळी हंगामात रेस पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. काही मैदानांची स्वतःची तऱ्हा असते: इंग्लंडमधल्या चेस्टरचे मैदान सतत डावीकडे वळणारे आणि अरुंद असल्याने तेथील कमी पल्ल्याच्या शर्यतींत शर्यत सुटताना आतल्या बाजूचा दरवाजा मिळालेल्या घोड्याला मोठा फायदा होतो. चेस्टरची टिप देणाऱ्याने दरवाज्याच्या क्रमांकाचा उल्लेखही केला नसेल, तर त्याने शर्यतीचे कार्ड, म्हणजे घोड्यांची छापील यादी, पाहिले तरी होते का, अशी शंका घ्यावी.

मोठ्या भावाच्या घोड्यांचे आकर्षणही महागात पडते. १९६७ मध्ये फॉइनाव्हन आणि २००९ मध्ये मॉन मोम १००/१ भावाने ग्रँड नॅशनल ही ब्रिटनमधली प्रसिद्ध अडथळ्यांची शर्यत जिंकले, हे सर्वांना पाठ असते. मात्र अशा भावाचे घोडे त्यांच्या भावावरून वाटते त्याहूनही कमी वेळा जिंकतात, हे शर्यतींच्या अभ्यासकांनी १९४० च्या दशकापासून नोंदवले आहे. फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचे, घोडे साधारण तीनांतली एक शर्यत जिंकतात आणि त्यांच्यावरही सरसकट लावल्यास तोटाच होतो, फक्त तो संथ असतो.

टिप देणाऱ्याचा हिशेब

टिप देणाऱ्याला पैसे कोठून मिळतात, हे विचारावे. अनेक मोफत टिप्सच्या खाली बुकीचा दुवा असतो आणि त्या दुव्यावरून आलेल्या ग्राहकाने जितके गमावले त्याचा काही हिस्सा टिप देणाऱ्याला मिळतो, अशी व्यवस्था असू शकते. अशा माणसाला आपल्या वाचकाने जिंकण्यात काय रस असणार? जिंकलेल्या पावत्यांची चित्रे पुरावा नव्हेत. सर्व टिप्स, सारख्या रकमेने, खरोखर मिळू शकलेल्या भावाने, शर्यतीपूर्वीच्या नोंदीसह दाखवल्या असतील तरच त्या वहीला किंमत द्यावी, आणि तीसुद्धा काही शे पैजा झाल्यानंतर.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी

ब्रिटनमधली परिस्थिती जशीच्या तशी इकडे लागू होत नाही. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर परवानाधारक बुकी आणि टोटकडे (सर्वांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेकडे) लावलेली पैज कायदेशीर आहे. घोड्यांच्या शर्यतींत कौशल्याला प्राधान्य असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. फुटबॉलवरच्या पैजेला असे संरक्षण नाही आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. परदेशी ॲपवर पैसे अडकले, तर दाद मागायला जागा उरत नाही. रेसकोर्सवरही २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने प्राप्तिकर आहे, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. ब्रिटनमध्ये जिंकलेल्या पैशांवर खेळणाऱ्याला कर नसतो, त्यामुळे तिकडच्या टिप्समधली नफ्याची गणिते इकडे मुळातच चुकतात.

पैज चुकीची मिटवली, असे ब्रिटनमधल्या वाचकाला वाटले तर पावती, लावलेली वेळ आणि त्या वेळचा भाव जपून ठेवून आधी बुकीकडे लेखी तक्रार करावी. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही, तर आयबास या पैजांच्या तक्रारींवरील स्वतंत्र लवादाकडे किंवा त्या बुकीने नेमलेल्या अन्य लवादाकडे ती विनामूल्य नेता येते. शनिवारी हरलेले भरून काढण्यासाठी रविवारी रक्कम दुप्पट होऊ लागली असेल, तर तक्रारीची नव्हे, खाते बंद करण्याची गरज आहे. गॅमस्टॉप या ऑनलाइन पैजांपासून स्वतःला दूर ठेवण्याच्या सेवेवर सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी नाव नोंदवता येते आणि ती मुदत संपण्याआधी मागे घेता येत नाही. ही बंदी ऑनलाइन खात्यांपुरती असल्यामुळे रस्त्यावरच्या दुकानांसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती त्याच दिवशी केलेली बरी.