तलावावरच्या बोटीला काठावरून लाइन देताना

खिंडसीला किंवा गोसेखुर्दच्या पाण्यावर राहायची-फिरायची बोट ठेवणार असाल अन काठावरच्या खांबावरून करंट घ्यायचा विचार करून राहिले असाल तर आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला का लाइन आपोआप तोडणारा स्विच) घ्या भाऊ, बाकी सगळं नंतर. गोड्या पाण्यात करंट उतरला तर तो खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण माणसाचं अंग गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक असते, करंट पोहणाऱ्याच्या अंगातूनच जाते. बोटीजवळ पोरं डुंबतात ना, म्हणून हे आधी सांगून राहिलो. आरसीसीबी काठावरच्या डब्यात बसवा, म्हणजे पाण्यात लोंबणारी वायरही तिच्याच राखणीत येते, अन तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

आता वायर. आपल्याकडं उन्हाळ्यात मोटरपंप सुरू झाले का व्होल्टेज तसंच पडते, त्यात ५० मीटर लांब २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरवर १० अँपिअर ओढले तर अजून ९ व्होल्ट जातात, म्हणून ४ चौरस मिमीचीच घ्या, रबरी, जोड नसलेली. प्लग उघडून पाहत जा, पितळी पिन काळी पडली असंल तर ती तापून राहिली समजा.

फक्त लाइट-पंख्यापुरतं लागत असंल तर बॅटरी अन चांगला चार्जर बस झाला. बोट लोखंडी असंल तर मात्र आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (काठाची अन बोटीची लाइन तारेनं न जोडता अलग ठेवणारा) लावाच, नाहीतर अर्थिंगच्या वायरीतून बारीक करंट फिरून पत्रा खाते.

जोडताना खटका बंद, आधी बोटीकडचं टोक, मग काठाकडचं, काढताना उलटं.