बाटलीआधी रात्रीचं विचारा

आमचे हे फौजेतून हवालदार होऊन पेन्शनवर आले. काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा जोडीदार डोळ्यांदेखत गेला, हे मला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कळलं. तोवर आम्ही नुसते दारूशीच भांडत होतो. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजींची घरं पुष्कळ, म्हणून सांगते.

डॉक्टरांना 'पितात' एवढंच सांगून उठू नका. किती वाजता पितात, झोपेत ओरडतात का, कशानं दचकतात, गोळ्या कुठल्या घेतात, सगळं वहीत लिहून न्या. आमच्याकडे बाटली उघडायची ती रात्रीच्या स्वप्नांना भिऊन. पहिल्या डॉक्टरांनी विचारलंच नाही, झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली. एकाची दोन व्यसनं झाली. दारूवर ही गोळी घेतली तर श्वास मंदावून माणूस जाऊ शकतो. आणि सवय लागल्यावर तीही आपल्या मनानं एकदम तोडायची नाही.

रोज पिणाऱ्याला घरात कोंडून दारू सोडवू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. हे काम दवाखान्यातच.

जाऊबाई म्हणाल्या, आमटीत गुपचूप दारू सोडवायची गोळी, डायसल्फिरॅम घाल. नको! त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो. शिवाय घरच्या ताटावरचाही भरवसा उडाला, तर ह्यांनी जायचं कुठं?

'आधी दारू सोडा, मग मनाचं बघू' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही उपचार बरोबरीनं चालतात. ह्यांना सर्ट्रालिन ही मनाच्या आजारावरची गोळी सुरू झाली आणि समुपदेशकांसमोर तो स्फोटाचा दिवस थोडा थोडा, पुन्हा पुन्हा सांगायचा. सांगून आले की संध्याकाळी तलफ जास्त. म्हणून त्या दिवशी भाऊजी पत्ते घेऊन हजर असतात. कुठं जावं सुचत नसेल तर टेलिमानस ह्या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा 14416 लावा, मराठीत बोलतात.

झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका; माझा ओठ फुटलाय एकदा. दिवा लावून पायथ्याशी उभी राहते. "अहो, घरी आहात. कोरेगावात. बाहेर म्हैस हंबरतेय."

दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत आम्ही मळ्यातल्या वस्तीवर जातो. फौजेच्या कॅन्टीनचं कार्ड ह्यांनी आपणहून माझ्याकडे दिलंय. मी साबण नि चहापत्ती आणते, रमचा कोटा तिथंच राहतो.