विश्वाच्या कडेपलीकडे काय? उत्तर देताना या चुका टाळा

नाशिकजवळ अंजनेरीच्या बाजूला आकाशदर्शनाला गेलं की दुर्बिणीपाशी हा प्रश्न हमखास येतो. विचारतं बहुधा चौथी-पाचवीतलं पोर, आणि गडबड करतात ते उत्तर देणारे मोठे.

पहिली गडबड म्हणजे दिसतं तिथेच विश्व संपतं असं धरून चालणं. पांडवलेण्यांच्या डोंगरावरून येवला दिसत नाही, म्हणून येवला नाहीच असं कुणी म्हणत नाही. दृश्य विश्वाची सीमाही अशीच, आपल्या नजरेची. विश्वाच्या सुरुवातीपासून आजवर जिथून प्रकाश आपल्यापर्यंत येऊ शकला, तेवढाच भाग दिसतो. दूरच्या एखाद्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहात, कुणी असेल, तर त्याची सीमा वेगळी.

दुसरी चूक हिशोबाची. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं, म्हणून सीमा 1380 कोटी प्रकाशवर्षांवर, असं चटकन ठोकून दिलं जातं. पण प्रकाश वाटेत असताना अवकाशही प्रसरण पावत होतं. त्यामुळे ती सीमा आज सुमारे 4600 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. इथे एखादं हुशार पोर अडवतंच: प्रकाशापेक्षा वेगवान काही नसतं ना? अवकाशातून धावणाऱ्याला ती मर्यादा आहे. खुद्द अवकाशाच्या प्रसरणाला नाही.

सर्वांत जुना प्रकाश सूक्ष्मलहरींच्या रूपात 1964 मध्ये पेंझियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना सापडला. प्लँक उपग्रहाने काढलेला त्याचा रंगीत नकाशा दाखवून काही जण सांगतात, 'ही बघा विश्वाची भिंत.' भिंतबिंत काही नाही. महास्फोटानंतर सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांनी तापलेला वायू थंड होऊन पारदर्शक झाला, तेव्हा मोकळा झालेला हा प्रकाश. ज्या वायूतून तो निघाला, त्याच्या एव्हाना आपल्यासारख्याच दीर्घिका झाल्या असणार. तिथून कुणी आज आपल्या दिशेला पाहिलं, तर त्यालाही इथे तसाच धूसर प्रकाश दिसेल. माझ्या मते हे एवढं नीट सांगितलं, तरी निम्मा गोंधळ मिटतो.

अवकाशाचं प्रसरण समजावताना फुगत जाणाऱ्या फुग्याचं उदाहरण देतात, ते मात्र मी टाळतो. पोरं लगेच विचारतात, फुग्याबाहेर काय?

'मोठी दुर्बीण आली की कळेल' हेही सांगू नका. जो प्रकाश पोहोचलेलाच नाही, तो जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीलाही दिसत नाही. त्यात प्रसरणाचा वेग वाढतोय, हे 1998 मध्ये लक्षात आलं. त्यामुळे फार दूरचा प्रकाश कधीच पोहोचणार नाही.

मग सांगायचं काय? पलीकडेही बहुधा अशाच दीर्घिका आहेत. मोजमापांत अवकाश जवळजवळ सपाट, म्हणजे वक्रता नसलेलं, निघालंय; म्हणजे विश्व अनंत असेल किंवा दिसतं त्यापेक्षा खूपच मोठं. मर्यादित असलं, तरी त्याला कड असायलाच हवी असं नाही. राहिली अनेक विश्वांची गोष्ट. विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणाच्या काही सिद्धान्तांतून ती निघते, पण पुरावा हाती नाही. तेव्हा पोरांना सांगताना 'असतीलही' म्हणा, 'आहेत' नको.