गरोदर भाचीसाठी मासळी घेताना

"मावशी, मीठ-लिंबू चोळून दोनदा धुतली की पारा जातो ना गं?" भाचीचा फोन आला तेव्हा मी दिवाळे गावच्या मासळीबाजारात मुशीचा, म्हणजे छोट्या शार्कचा, भाव ऐकत उभी होते. तिला सहावा महिना. आमच्या विहीणबाईंचा आतापासून धोशा, बाळंतिणीला मुशीचं कालवण हवंच, दूध वाढतं. बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात बावीस वर्षं गेली, पण घरात हे कधी नीट सांगितलं नाही. म्हणून लिहितेय.

मासळीतला पारा धुऊन जात नाही. तळून, उकडून, कातडी काढूनही नाही. माशात पारा मिथाइलमर्क्युरी या संयुगाच्या रूपात असतो; ते चरबीत नसतं, माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. सुकवली तर पाणी उडतं, पारा राहतो, म्हणजे सुक्या मुशीत ग्रॅममागे जास्तच.

म्हणून जे काही करायचं ते कोळणीच्या पाटीसमोर, मासळी निवडतानाच. तळाच्या चिखलातले जीवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी करतात. मग लहान मासा मोठ्याच्या पोटात, तो आणखी मोठ्याच्या, आणि पारा साठत जातो. मुशी, मोठा कुपा (ट्यूना) नकोच. हातभर लांब सुरमईही मी तिच्यासाठी घेत नाही. मांदेली, तारली, बांगडा घ्या, आठवड्यातून दोन-तीनदा. मासळी सगळीच बंद करू नका, बाळाच्या मेंदूला त्यातली ओमेगा-3 लागतात.

आता पारा आत शिरतो कसा ते. खाल्लेल्या मिथाइलमर्क्युरीपैकी सुमारे 95 टक्के आतड्यातून रक्तात जातं. तिथे ते सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला धरतं. ही जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, आणि मेथिओनिन तर मेंदूला हवंच असतं. आमच्या सोसायटीचा वॉचमन पाहुण्याला दहा प्रश्न विचारतो, पण डिलिव्हरीवाल्याचा टी-शर्ट दिसला की गेट उघडतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला, मेथिओनिन आत नेणारा वाहक रेणू अगदी तसाच फसतो. वारेतही हीच फसगत होते. म्हणून नाळेच्या रक्तात पारा आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतो.

आत गेल्यावर पुन्हा गंधकाचाच शोध. पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपतं, सेलेनियमवर चालणारी एन्झाइम्स बंद पडतात, मग मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांतून, निसटणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू आवरायला कुणी उरत नाही. चेतापेशींमधला निरोप्या असलेलं ग्लुटामेट सांडलं की उचलणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी काम सोडतात, आणि साचलेलं ग्लुटामेट चेतापेशींना डिवचून डिवचून मारतं. मला गर्भाच्या बाबतीत सगळ्यात धास्ती वाटते ती सूक्ष्मनलिकांची, म्हणजे पेशीच्या आतल्या बारीक आधारनळ्यांची. नव्या चेतापेशी त्यांच्याच आधाराने आपापल्या जागी सरकतात, आणि पारा नेमक्या त्याच मोडतो.

जपानच्या मिनामातात 1956 मध्ये हा आजार उघडकीस आला. तिथे स्वतःला फारसा त्रास नसलेल्या आयांना मेंदूला इजा झालेली मुलं झाली. अर्थात तिथे कारखान्याचं सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. आपल्या ताटातल्या बांगड्याला त्या पंगतीत बसवू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. रक्तातला पारा निम्मा व्हायला साधारण 50 दिवस लागतात. नववा लागल्यावर पथ्य सुरू करण्यात फार अर्थ नाही; मूल हवं असं ठरलं तेव्हापासूनच करा.

मी मांदेलीचे दोन वाटे घेतले. "बाय, मुशी नको? बालंतनीला चांगली," कोळीण म्हणाली. दुधातूनही थोडा पारा जातोच, हे तिला काय सांगणार. विहीणबाईंना मात्र संध्याकाळी फोन केला आणि दूध वाढवायला अळिवाचे लाडू मी करून पाठवते म्हणाले.